वजन

डंडीत जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो.
आमच्या तळघरात नाही. तिथे दिवस आम्ही ठरवतो,
सातला दिवा, सातला काळोख,
आणि मधल्या वेळात मी उंदरांची वजनं घेते.
अकरा वर्षं झाली. तळहातावर घेतला
की काट्याच्या आधी सांगेन,
चुकले तर ग्रॅमभराने.

एकशे चौदा नंबरची मादी, डाव्या कानाला खाच,
बारा एप्रिलला पहाटे गेली.
पायांची थरथर आदल्या रात्रीच थांबलेली,
भुसा कोरडा, पाण्याची बाटली भरलेली तशीच.
वहीतली नोंद माझ्या हातची.

मग शोधनिबंध आला, कॉरिडॉरमध्ये चौकटीत लागला.
कप विसळायला जाताना मी तक्ता वाचला:
एकशे चौदा, जूनअखेर, बावीस पूर्णांक आठ ग्रॅम,
पाय स्थिर, दांडीवरून चालते.
मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, आई म्हणायची.
मेलेला उंदीर बाळसं धरतो
हे मला इथे कळलं.

प्रोफेसर अर्कहार्ट यांचं वजन वेगळं,
ते कुठल्या काट्यावर मावत नाही.
झाकली मूठ आमच्याकडे सव्वा लाखाची,
यांची चाळीस लाख पौंडांची,
आणि तिच्यात माझा पगार आहे, बो-रमचा व्हिसा आहे,
ब्रॉटी फेरीच्या मिसेस लॉरीमर आहेत,
नवऱ्याचा हलता हात स्वतःच्या मांडीवर दाबून धरून
दर वर्षी पहिल्या रांगेत बसणाऱ्या.
उंदीर बरे आहेत ना? त्या मला विचारतात.
मी म्हणते, बरे आहेत.

बो-रमने एकदा मला कोरियन सिनेमाला नेलं.
त्यात एक मुलगा प्रयोगशाळेचं बिंग फोडतो.
पाऊस असतो, व्हायोलिन असतं,
तो साहेबासमोर उभा राहून काहीतरी म्हणतो
आणि खाली अक्षरं उमटतात: सत्य.
बाहेर आल्यावर ती म्हणाली, तो असं बोललाच नाही.
मग काय बोलला?
टे नदीवरून धुकं चढत होतं,
बस येईपर्यंत ती शब्द शोधत राहिली.
"जसं झालं तसं," म्हणाली. "एवढंच."

मी अर्ज भरला.
चौकशीला तीन माणसं, पाण्याचा जग, माझी वही.
व्हायोलिन नव्हतं, हीटर खरखरत होता.
मधल्या बाईंनी पानावर बोट ठेवलं:
"बारा, आणि पुढे आठ. म्हणजे ऑगस्ट ना?"
मी वाकून पाहिलं.
दमले की माझे आकडे मराठी होतात.
महिन्याच्या जागी होता ४,
खाली गाठ, वर दोन्ही हात उघडे.
"चार आहे," मी म्हणाले.
कागद मागून काढून दाखवला. तीनदा.
त्यांनी सभ्यपणे माना हलवल्या
आणि लिहिलं: नोंद अस्पष्ट.

त्या रात्री साडेदहाला बो-रम दारात.
कोटाच्या अस्तरातून तिने पावती काढली,
दहनभट्टीची, पिंजऱ्याच्या नंबरासकट,
त्यावर एप्रिलचा जांभळा शिक्का.
"आणि व्हिसा?" मी विचारलं.
तिने बूट काढले, भिंतीशी जोडीने लावले,
चहा आहे का म्हणाली.
आलं संपलं होतं. नुसताच केला.

पुढचं अजून काही ठरलेलं नाही.
चौकट भिंतीवर आहे.
मिसेस लॉरीमर यांचं कार्ड आलंय, उत्तर दिलं नाही.
आज सकाळी बारा उंदीर होते,
पहिला बसला काट्यावर, मिशा हलवत,
चोवीस पूर्णांक चार.
चार मी मराठीतच लिहिला
आणि शेजारी सही केली.